थापीआधी ओळंबा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय २२. काही महिन्यांपासून साइटवर बिगारी म्हणून जातोय. माल कालवणं, विटा-वाळू वाहणं, पाणी मारणं एवढंच काम. आता हाताला कसब हवंय. गवंडी व्हावं, सेंटरिंगला लागावं, सळईचं काम शिकावं, की प्लंबिंग-वायरिंगकडे वळावं? मिस्त्री शिकवत नाहीत, 'बघून शीक' म्हणतात. अंग किती वर्षं साथ देईल? आणि स्वतःचं काम घ्यायला कधी सुरुवात करावी?"

आधी 'कोणतं काम' या प्रश्नाची वासलात लावतो, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा जास्त डोकं शिणवतात. सळईचं काम लवकर हातात बसतं आणि ड्रॉइंग वाचायची सवयही तिथेच लागते. पण दिवसभर वाकून रिंगा बांधायच्या, त्यामुळे कंबर लवकर बोलायला लागते. सेंटरिंगला, म्हणजे ओलं काँक्रीट धरणारा साचा आणि टेकू उभारायला, अंगात ताकद आणि डोक्यात भीती, दोन्ही हवं. १५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचं ओलं काँक्रीट एका चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास भरतं. वर माणसं आणि यंत्रं वेगळी. हा सगळा भार तुम्ही लावलेल्या टेकूंवर येतो. प्लंबिंग-वायरिंगला वजन कमी उचलावं लागतं आणि नवी बांधकामं थंडावली तरी दुरुस्त्या चालूच राहतात. मात्र विजेच्या कामाला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो, तेव्हा तिकडे जायचं तर रीतसर शिकूनच जा. गवंडीकामाचा पसारा सगळ्यात मोठा: वीटकाम, गिलावा, कोबा, टाइल, वॉटरप्रूफिंग. शिकायला वेळही तितकाच लागतो.

यातलं कोणतंही घेतलंत तरी पोट भरेल. खरा फरक पडतो तो तुम्ही कोणाच्या हाताखाली आहात यानं. चांगला मिस्त्री ओळखायची माझी एकच खूण आहे. भिंत चार थर वर गेल्यावर ती सरळ उभी आहे का ते बघायला तो ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावतो की नाही? जो न सांगता लावतो, चुकलेली वीट काढून पुन्हा बसवतो, त्याच्याकडे टिकून राहा, मग तो कितीही तोंडाळ असो. ज्याचा ओळंबा सुपरवायझर दिसल्यावरच पिशवीतून बाहेर निघतो, त्याच्याकडे तुम्हाला वेग शिकायला मिळेल, काम नाही.

आता 'बघून शीक' याबद्दल. ऐकायला तुटक वाटतं, पण त्यात तथ्य आहे. फक्त काय बघायचं ते कोणी सांगत नाही. नवा मुलगा मिस्त्रीच्या थापीकडे बघत राहतो. थापी सरावानं येते. बघायचं ते त्यानं पहिली वीट ठेवण्याआधी काय केलं हे. पहिला थर त्यानं माल न लावता कोरडाच मांडून बघितला का, दाराची जागा कुठून मोजली, दोरी कोणत्या बाजूला बांधली, कोपरे आधी का उचलले. वीटकामातलं निम्मं कौशल्य या तयारीत असतं आणि नेमक्या त्याच वेळी बिगाऱ्याला वाळू आणायला पिटाळलेलं असतं. तेव्हा वाळू आदल्या संध्याकाळीच जवळ आणून टाका. सकाळी मिस्त्री मांडणी करत असेल तेव्हा तुम्ही दोरीचं दुसरं टोक धरायला मोकळे असलं पाहिजे. दोरीचं दुसरं टोक धरणारा माणूस सगळ्यात लवकर शिकतो.

थापी हातात येण्याआधी तपासायची हत्यारं शिकून घ्या. ती शिकायला कोणाची परवानगी लागत नाही, माल वाया जात नाही, आणि साइटवरच्या निम्म्या लोकांना ती नीट वापरता येत नाहीत.

पाण्याची नळी घ्या. लांबवरच्या दोन खुणा एका पातळीत आणायला याच्याइतकं भरवशाचं आणि स्वस्त साधन नाही, पण ती खोटंही बोलते. नळीत एखादा हवेचा बुडबुडा अडकला की पाणी दोन्हीकडे सारखं दिसत नाही. म्हणून वापरण्याआधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघायचं. नाही आलं तर नळी उंच धरून, टिचक्या मारून बुडबुडा बाहेर काढायचा. दुसरी गंमत अंगठ्याची. पाणी सांडू नये म्हणून टोकावर अंगठा दाबतात आणि मोजतानाही तो तसाच राहतो. एका टोकाला जरी अंगठा असला तरी पाणी आपल्या पातळीला येतच नाही. दोन्ही टोकं उघडी, पाणी पूर्ण थांबू द्यायचं, आणि मग खूण.

स्पिरिट लेव्हलचंही तसंच. ती पडते, आपटते, आणि बुडबुड्याची काच हलते. तपासायला दहा सेकंद पुरतात. सपाट जागी ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते बघा, मग लेव्हल तिथेच फिरवून टोकं उलटसुलट करून ठेवा. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला तेवढाच सरकला तर जागा उतरती आहे. तो पहिल्या वेळी तुमच्या डावीकडे आणि फिरवल्यावर उजवीकडे गेला तर लेव्हलच बिघडलेली आहे. नवी विकत घेतानाही दुकानात हेच करा.

ओळंब्याच्या दोरीला वर एक ठोकळा असतो आणि त्याची जाडी खालच्या लट्टूएवढी, म्हणजे दोरीच्या वजनाएवढी असते. ठोकळा भिंतीला टेकवला की लट्टू भिंतीपासून केसभर सुटा राहिला पाहिजे. लट्टू चिकटला तर नवशिक्याला वाटतं, बरोबर बसलं. पण चिकटलेला लट्टू भिंत किती बाहेर आहे ते सांगतच नाही, कारण भिंतच त्याला अडवते. अशा वेळी ठोकळा वरून थोडा पुढे घेऊन पुन्हा बघायचं. वारा असेल तर लट्टू बादलीतल्या पाण्यात बुडवून दोरी मोजायची. पाण्यात त्याचं डोलणं लवकर थांबतं.

काटकोनासाठी ३-४-५ सगळ्यांना माहीत असतं: दोन बाजूंवर ३ आणि ४ मोजा, तिरकं माप ५ आलं की काटकोन. पण मोजायचं मोठ्या मापात. हातातल्या गुण्याच्या (काटकोनी पट्टीच्या) एका फुटात मिलिमीटरभर चूक असेल तर तीन मीटर लांबीला ती सेंटिमीटर होते आणि ती टाइलवाल्याला शेवटच्या ओळीत भेटते. खोलीत जागा असेल तर ६-८-१० फूट घ्या आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे निघाले तर खोली काटकोनात आहे, मग कोणी काहीही म्हणो.

आणि तुमच्या टेपच्या टोकाची पत्री सैल आहे म्हणून ती ठोकून घट्ट करू नका. ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. पत्रीच्या जाडीएवढीच ती पुढेमागे सरकते. वस्तूला अडकवून ओढलं की तेवढी बाहेर, भिंतीला टेकवून दाबलं की तेवढी आत, म्हणजे दोन्ही मापं बरोबर येतात. हातोडी मारून 'दुरुस्त' केलेले टेप मी पुष्कळ साइटवर बघितलेत.

एवढं तपासण्यावर का अडून बसलोय? कारण बांधकामावर आपली चूक आपल्यापाशी राहत नाही. भिंत वर जाताना २ सेंटिमीटर बाहेर गेली की गवंडी म्हणतो, गिलाव्यात निघेल. मग गिलावा करणारा १२ मिलिमीटरच्या जागी एका बाजूला ३०-३५ मिलिमीटर माल चढवतो. एवढा जाड थर एका हातात, म्हणजे एकदम चढवला तर, टिकत नाही. स्वतःच्या वजनानं लोंबतो, वाळताना तडकतो किंवा मागून सुटतो आणि ठोकल्यावर पोकळ वाजतो. दाराची चौकट कोणत्या पृष्ठभागाला धरायची हे सुताराला कळत नाही. शेवटी दार आपोआप उघडतं आणि शिव्या सुतार खातो. तुमच्या पुढच्या कारागिराला विचारा, 'माझं काम कसं मिळालं तुला?' एवढं विचारणारे थोडे असतात आणि पुढच्या साइटवर आधी त्यांनाच फोन येतो.

हात बसवण्यासाठी सरावाची भिंत बांधा. सिमेंट नको, वाळू-चुन्याचा माल चालतो. गवंडीकाम शिकवणाऱ्या शाळांतही हाच वापरतात, कारण तो दगडासारखा घट्ट होत नाही आणि विटा सोडवून पुन्हा वापरता येतात. मातीच्या विटा आधी भिजवून घ्या. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि माल भुसभुशीत राहतो. पाण्यातून थेट काढलेली निथळती वीट मात्र मालावर तरंगते, म्हणून तिचा पृष्ठभाग सुकेपर्यंत थांबायचं. मालाचा थर सेंटिमीटरभर. वीट थोडी अलीकडे ठेवून दाबत शेजारच्या विटेकडे सरकवायची, म्हणजे उभ्या सांध्यातही माल वर येतो. थापीच्या मुठीनं ठोकठोक करावी लागत असेल तर माल जाड पडलाय किंवा घट्ट झालाय. बसलेली वीट काही वेळानं हलवायची वेळ आली तर नुसती सरकवू नका. काढा, जुना माल खरवडा, नवा लावा. एकदा धरू लागलेला सांधा हलला की तो पुन्हा धरत नाही, वरून सांध्याची दर्जा (बाहेरून भरलेली मालाची रेघ) कितीही छान भरली तरी. आणि एका दिवसात दीड मीटरपेक्षा जास्त उंची चढवायची नाही. खालच्या ओल्या सांध्यांना ते वजन पेलत नाही.

आता तुमच्या आजच्या कामाकडे येतो, कारण ते तुम्हाला हलकं वाटतंय. काँक्रीटमध्ये पाणी कोण टाकतं? बिगारी. डफ अब्रॅम्स या अमेरिकी संशोधकानं १९१८ मध्ये मांडलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाण्याचं सिमेंटशी प्रमाण किती यावर ठरते. पाणी वाढलं की ताकद उतरते. ५० किलोच्या गोणीला ०.५ प्रमाण धरलं तर २५ लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्याच हिशेबात. 'जरा पातळ कर, ओढायला जड जातंय' म्हणून प्रमाण ०.७ वर नेलं तर ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घसरू शकते. सळई तीच, सिमेंट तेच, ड्रॉइंग तेच. इंजिनिअरनं आठवडाभर केलेला हिशेब दहा लिटरच्या एका बादलीत बुडतो. म्हणून खुणेची बादली ठेवा आणि मोजून टाका. माल फार घट्ट वाटला तर मिस्त्रीला सांगा, इंजिनिअरला विचारा. त्यासाठी वेगळी रसायनं मिळतात.

पाणी मारण्याचंही तसंच. साइटवर ज्याला दुसरं काम नाही त्याला पाइप देतात, पण सिमेंटची रासायनिक क्रिया ओल असेपर्यंतच चालते. साध्या सिमेंटचं काँक्रीट पहिल्या सात दिवसांत २८ दिवसांच्या ताकदीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास पोचतं, आणि तोच आठवडा सगळे विसरतात. सकाळ-संध्याकाळ शिंपडून दुपारी कोरडं पडू देण्यापेक्षा स्लॅबवर मालाचे बांध घालून पाणी साठवा, कॉलमला ओली पोती गुंडाळून वर प्लास्टिक बांधा. किमान सात दिवस, कोरड्या-उन्हाळी हवेत त्याहून जास्त.

व्हायब्रेटर, म्हणजे ओल्या काँक्रीटमधली हवा हलवून बाहेर काढणारं यंत्र, चालवायला मिळाला तर सोडू नका. सुई उभी आणि पटकन आत, बुडबुडे यायचे थांबले की सावकाश बाहेर. सळईला टेकवायची नाही आणि काँक्रीट ढकलायला वापरायची नाही. आत ५ टक्के पोकळ्या राहिल्या तर ताकद तीसेक टक्के जाते.

सळईचा एक हिशेब मात्र पाठच करून टाका, कोणत्याही कामात असा. सळईचा मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास, भागिले १६२, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटर म्हणजे १४४ भागिले १६२, साधारण ०.८९ किलो. आलेला माल पूर्ण आहे की नाही, हे सांगणारा बिगारी फार दिवस बिगारी राहत नाही.

अंग किती वर्षं साथ देईल? सरसकट आकडा कोणी देऊ शकत नाही, पण अंग कशानं जातं ते सांगता येतं. कष्टानं जातं त्यापेक्षा जास्त ते धुळीनं, सिमेंटनं आणि पडण्यानं जातं.

धूळ आधी. दगड, काँक्रीट, वीट, टाइल कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते. डोळ्याला दिसते ती जाड धूळ नाकात अडकते. फुप्फुसाच्या तळाशी जाते ती दिसतच नाही. तिथे व्रण पडतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात, आणि तो बरा करणारं औषध नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. कटरवर पाण्याची धार ठेवा. धूळ उडूच न देणं हा पहिला उपाय, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क हा दुसरा. दाढी वाढलेली असेल तर तोही घट्ट बसत नाही. विजेच्या कटरला पाणी लावताना मात्र तो त्यासाठीच बनवलेला हवा आणि लाइनला ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. संध्याकाळी साइट कोरड्या झाडूनं झाडू नका, आधी शिंपडा.

ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच १२ च्या वर. फसवी गोष्ट ही की सुरुवातीला दुखत नाही. बुटात थोडं काँक्रीट गेलं, किंवा गुडघे टेकून कोबा ओढताना पँट भिजली, तर माणूस काम चालू ठेवतो आणि संध्याकाळी कातडी सोललेली असते. तेव्हा गमबूट, हातमोजे, आणि आत गेलं की लगेच थांबून भरपूर पाण्यानं धुणं. डोळ्यात उडालं तर निदान वीस मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टर गाठा. काही जणांना सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी कायमची जडते आणि मग कामच सोडावं लागतं.

पाठीचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण पाळत कोणी नाही. ५० किलोची गोणी एकट्यानं फिरवत उचलणं हा पराक्रम नाही. कित्येक देशांत गोणीच २५ किलोची केली आहे, ती काही तिथली माणसं दुबळी म्हणून नाही. दोघांनी उचला, आणि वजन हातात असताना कमरेतून वळू नका, पाय फिरवा.

पडणं: अनेक देशांत बांधकामावरच्या मृत्यूंचं पहिलं कारण उंचीवरून पडणं हेच आहे. पायाडावर (उंचीवर काम करायला बांधलेल्या फळ्यांच्या मांडणीवर) चढण्याआधी फळ्या हलवून बघा. कठडा नसेल तर मागा. शिडी जेवढी उंच टेकेल त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं तिचं बूड भिंतीपासून लांब हवं, आणि वर उतरायच्या जागेच्या पुढे मीटरभर शिडी हवी. आणि खड्डा. माणसांना खड्ड्याची भीती वाटत नाही, कारण वर आकाश दिसत असतं. पण एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस तोंड उघडं असूनही गुदमरतो, कारण छाती फुगायला जागा राहत नाही. दीड मीटरपेक्षा खोल चरात बाजूंना आधार नसेल, किंवा त्या उतरत्या कापलेल्या नसतील, तर उतरू नका. काढलेली माती काठावरच रचलेली असेल तर आणखीच नाही. हजेरी बुडाली तरी चालेल.

शेवटचा प्रश्न, स्वतःचं काम कधी घ्यावं. एखादी खोली पहिल्या थरापासून गिलाव्यापर्यंत तुमच्या हातून, कोणी न तपासता, मापात उतरायला लागली की लहान काम घ्यायला हरकत नाही. पण काम येणं आणि ठेका जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगले कारागीर बुडतात ते मापात आणि बोलण्यात. दर सांगण्याआधी स्वतः टेप लावा, मालकानं सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. दारं-खिडक्यांची जागा मापातून वजा करायची की नाही, आतल्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा की त्यातच, पायाड कोणाचं, पाणी-वीज कोणाची, माल वरच्या मजल्यावर कोण चढवणार, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं आधी ठरवून कागदावर लिहा. दोघांच्या सह्या असलेलं वहीचं पानही चालतं. पैसे टप्प्यानं घ्या. टप्पा असा धरा की तो नुसतं बघूनही कळेल: 'अर्धं काम झाल्यावर' असं नको, 'सगळ्या भिंती लिंटेलपर्यंत (दारा-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईपर्यंत) आल्यावर' असं हवं. वाढीव काम मालक नेहमी तोंडी सांगतो. त्याच संध्याकाळी त्याला मोबाइलवर लिहून पाठवा, काय वाढलं आणि किती.

आणि बंद होणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा आधी फोटो काढा. काँक्रीटआधी सळई आणि तिला साच्यापासून वर धरणारे कव्हर ब्लॉक, टाइलआधी बाथरूममध्ये पाणी भरून केलेली गळतीची चाचणी, गिलाव्याआधी भिंतीतले पाइप आणि वायरच्या नळ्या. फोटोत टेप लावलेला दिसला पाहिजे, एक कोपऱ्यापासून आडवा आणि एक जमिनीपासून उभा. दोन वर्षांनी त्या भिंतीत कपाट ठोकायला सुतार येईल तेव्हा मालक तुम्हालाच फोन करून विचारणार आहे की ड्रिल कुठे चालवू.